भानामतीच्या गावात समाजशास्त्राचा वर्ग

मी नोकरीला लागले त्याच साली जालना जिल्हा नवा झाला. आमच्या कापड दुकानाच्या पाटीवरचा जुना जिल्हा पुसून नवा रंगवायला पेंटर शिडीवर चढला होता. खाली मी डोक्यावर पदर घेऊन रिक्षाची वाट बघत होते. आमचं घर मूळचं राजस्थानातलं. चार पिढ्यांपासून जालन्यात व्यापार, पण घरातली सून नोकरीला निघाली ती पहिल्यांदाच. त्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पोळ्या लाटता लाटता विचारलं होतं, "तू शिकवणार ते समाजशास्त्र म्हणजे काय?"

मी म्हटलं, "समाज कसा चालतो, ते."

"तो चालतोच आहे," त्या म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली.

पुढं नोकरीभर हा प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांनी विचारला. इंग्रजीच्या प्राध्यापकांना कोणी विचारत नाही, गणिताच्या तर नाहीच. आमचा विषय म्हणजे ज्यांना दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही त्यांनी घ्यायचा, असा समज. त्यामुळे वर्गात बाकी कोणी नसले तरी गावगाड्याच्या सगळ्या थरांतली मुलं असायची, आणि आमच्या विषयाला दुसरं काय हवं असतं?

कॉलेज अंबडच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात. पत्र्याच्या खोल्या, मागं बाभळी, त्यापलीकडे कोणाचं तरी तुरीचं शेत. जालन्याहून सकाळची एस.टी. धरायची. दुकान मागं पडलं की पदर डोक्यावरून खांद्यावर यायचा आणि मी खिडकीला डोकं टेकून अर्धवट झोपेत जायचे. हिवाळ्यात गोदावरीच्या बाजूनं धुकं वर चढलेलं असायचं. ऊस दिसायचा नाही, नुसते तुरे दिसायचे, धुक्यावर तरंगत असल्यासारखे. त्या गुंगीत मी तासाची तयारी करायची. माझे सगळे चांगले तास त्या बसमध्येच सुचले.

विषमतेचे सिद्धांत हा धडा मी आडावरून शिकवायची. समजा, गावात एक आड आहे. पहिला पंडित, त्याला आपण प्रकार्यवादी म्हणू, तो आडाकडं बघून म्हणतो की आड आहे म्हणजे गावाला त्याची गरज आहे. ओढणारा हवा, वाहणारा हवा, पिणारा हवा. प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणून मान वेगळा, आणि असं आहे म्हणून गाव टिकून आहे. दुसरा संघर्षवादी. तो म्हणतो, हे सगळं ठीक, पण आडावर पहिली घागर कोणाची भरते आणि शेवटची कोणाची, ते सांगा. पाणी कोणाच्या ताब्यात आहे, ते सांगा. तिसरा पंडित आडाजवळ नुसता बसून ऐकतो. कोण कोणाला काय हाक मारतं, कोण आलं की कोण बाजूला सरतं. तो म्हणतो, माणसं एकमेकांना जी नावं देतात, त्या नावांतच ती राहायला लागतात. एखाद्याला चोर चोर म्हणत राहिलं तर एक दिवस तो आरशातही चोरच बघतो.

एवढं कळलं की अर्धी परीक्षा पास, असं मी मुलांना सांगायची. ते खोटंही नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका वर्गात शकुंतला आणि विलास अशी दोन मुलं होती. शकुंतला अंकुशनगरची, साखर कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्यांशेजारी, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांशेजारी, वाढलेली. तिला दुसरा पंडित एकदम पटला. कुठलाही प्रश्न विचारा, ती म्हणायची, "मॅडम, ह्यात फायदा कोणाचा?" विलास गोदाकाठच्या एका गावातल्या जमीनदार घरातला. शांत, नीटनेटका, पहिल्या पंडिताचा माणूस. "सगळेच बसले तर गाव चालंल कसं?" हे त्याचं म्हणणं. दोघांची वर्गात रोज जुंपायची आणि मी पत्र्यावर पडणाऱ्या बाभळीच्या शेंगांचा आवाज ऐकत दोघांकडे बघत राहायची.

दिवाळीनंतर एकदा तास संपल्यावर विलास मागं थांबला.

"मॅडम, आमच्या गावात भानामती चालू झाली."

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. भानामती म्हणजे करणी. बायका, बहुतेक तरण्या सुना, एकाएकी कुत्र्यासारख्या भुंकायला लागतात, घुमतात, शुद्धीत नसतात. मग ही करणी कोणी केली याचा शोध सुरू होतो आणि तो नेहमी एखाद्या एकट्या बाईच्या दाराशी येऊन थांबतो.

"कोण भुंकतं?" मी विचारलं.

"आधी आमची वहिनी. सुमनवहिनी, चुलतभावाची बायको. मंग आणखी दोघी-तिघी." तो खाली बघत होता. "आबांनी नाव काढलं सरूबाईचं. सुईण हाय ती. मीबी तिच्याच हातावर झालो."

हळूहळू सगळं कळलं. सुमन पहिलटकरीण होती. सरूबाईनं बाळंत केलं, पण मूल मेलेलंच आलं. कापूस वेचणीचे दिवस होते. सुमन थोड्याच दिवसांत पुन्हा शेतावर गेली, आणि एका दुपारी कापसाच्या ओळीत बसल्या जागी भुंकायला लागली. आबा म्हणजे विलासचे काका, गावात त्यांचा शब्द चाले. येत्या अमावस्येला सरूबाईला शिवेबाहेर नेऊन तिचे पुढचे दात पाडायचे, असं पारावर ठरत आलं होतं. दात नसले की मंत्र नीट उच्चारता येत नाही, अशी समजूत.

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार, मॅडम. घरातलंच हाय."

त्या वर्षीचं आमचं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर कुठं घ्यायचं ते ठरायचं होतं. मी प्राचार्यांकडे जाऊन त्या गावाचं नाव सुचवलं. भानामतीचं सांगितलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून रस्त्याचं सांगितलं. गावाला शेतांकडं जाणारा पांदीचा रस्ता हवा होता आणि श्रमदान करणारी पोरं फुकट मिळत होती, त्यामुळे आबाही खूश झाले.

आम्ही शाळेत उतरलो. मुलं एका खोलीत, मुलींसोबत मी दुसऱ्या खोलीत. सकाळी उठून बाहेर यावं तर गाव नसायचंच. नुसतं पांढरं. त्यातून गाईच्या गळ्यातली घंटा, कोणाचा तरी खोकला, पाणी ओतल्याचा आवाज. मग एकेक छप्पर वर यायचं. मला वाटायचं, हे गाव रोज सकाळी कोणीतरी नव्यानं आठवून आठवून उभं करतं.

भुंकणं मी पहिल्यांदा ऐकलं ते दुपारी. जेवून शाळेच्या ओट्यावर डोळे मिटून बसले होते. लांबून कुत्रं भुंकल्यासारखं वाटलं आणि मी तसंच धरून चालले. मग त्या आवाजात मध्येच श्वास घेतलेला ऐकू आला, माणसासारखा.

संध्याकाळी मी आबांकडे गेले. ते ओसरीवर बसलेले, अंगावर घोंगडी. मोठ्या अदबीनं त्यांनी चहा मागवला.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला हे पटणार न्हाई, मला मालूम हाय."

"आबा, पोर गेल्याचं दुःख आहे ते. डॉक्टरला दाखवू."

"दाखवलं. जालन्याला नेल्ती. सुई दिली, गोळ्या दिल्या. चार दिवस गुंगीत पडून राह्यली, पुन्हा तेच." त्यांचा आवाज खाली आला. "सून हाय माझी. मला काय हौस हाय का? तिचं भुंकणं ऐकू आलं की मी मळ्यात निघून जातो. घरात बसवत न्हाई."

मला त्यांच्यावर रागावायचं होतं आणि ते जमेना. माझ्या तिन्ही पंडितांनी आबांना आधीच खलनायक ठरवून ठेवलं होतं. समोर बसलेला माणूस मात्र नुसता घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाच्या हातात गावाची सत्ता होती, एवढीच अडचण.

फौजदारांकडेही मी जाऊन आले. त्यांनी एक शिपाई पाठवला. तो दिवसभर पारावर बसला, गावानं त्याला जेवू घातलं आणि संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला.

त्या रात्रीच्या जेवणानंतर शाळेत मुलांची बैठक झाली. शकुंतला म्हणाली, "सरूबाईची जमीन असंल. ती हडपायची असंल."

विलास म्हणाला, "वावर न्हाई तिला. कायच न्हाई. एक खोली अन् पुढं ओटा."

शकुंतलाचा पंडित पहिल्यांदाच अडला होता. पण ती हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती सुनांबरोबर वेचणीला जायला लागली. परत आली की हाताच्या बोटांना कापसाच्या बोंडांनी ओरखडे. एका संध्याकाळी ती म्हणाली, "मॅडम, ह्या बाया पहाटेपासून उभ्याच हायेत. घरचं, वावरातलं, पुन्हा घरचं. शेवटी जेवतात. अंगात आलं की मात्र सासू स्वतः पाणी आणून देती, नवरा पंखा घालतो. मंग भुंकणार न्हाई तर काय करणार?"

"म्हणजे त्या नाटक करतात?" एका मुलानं विचारलं.

"नाटक न्हाई," ती म्हणाली. "त्यांनाबी माहीत न्हाई."

मला तिचा फार अभिमान वाटला. अशा वेळी शिक्षकानं बोलू नये, ते आयतं आलेलं पीक असतं.

विलास त्या संध्याकाळी आमच्यात नव्हता. तो कुठं आहे ते सकाळी कळलं. पोरगा आपली वळकटी घेऊन सरूबाईच्या ओट्यावर राहायला गेला होता. मी गेले तेव्हा धुक्यात तो चुलीपाशी बसून तिच्या हातची भाकरी खात होता. सरूबाई वाळलेली, उंच, एका डोळ्यात फूल पडलेलं. मला बघून तिनं पोतं अंथरलं.

"घरी जा म्हनते तर ऐकत न्हाई," ती म्हणाली. "ह्याची आई रडून राह्यली तिकडं."

"मी तुमच्या पुस्तकातलंच करून राह्यलो, मॅडम," विलास म्हणाला. "नाव लोकांनी दिलं म्हनता ना. मंग लोकांनीच काढाया पाहिजे. मी लोकच हाय की."

पहिल्या पंडिताचा माणूस तिसऱ्याकडे कधी गेला ते मला कळलं नव्हतं. त्याच्या आईनं त्याला स्वयंपाकघरात यायची बंदी केली. रस्त्याच्या कामावर गावची पोरं त्याच्यापासून लांब उभी राहायला लागली. त्याचा चेहरा उतरत गेला, पण वळकटी ओट्यावरून हलली नाही.

अमावस्या आली. लोक सकाळीच जमले. धुकं अजून खाली होतं, त्यामुळे किती जण आहेत ते दिसत नव्हतं. नुसती मुंडाशी आणि खांदे. मी आणि शिबिरातल्या मुली ओट्याच्या पायरीवर बसलो होतो. शकुंतलानं माझा हात धरला होता. वर ओट्यावर विलास, आत सरूबाई भिंतीला टेकून बसलेली. आबा पुढं आले.

"विलास, बाजूला हो."

"न्हाई होणार, आबा. तिला न्यायचं तर मला उचलून ठेवावं लागन."

"लेकरा, तुझ्या वहिनीसाठी करून राह्यलो हे."

"वहिनीला विचारलं का?"

सुनेला विचारायचं असतं हे तिथं कोणाला सुचलंच नव्हतं. मलाही नाही, हे सांगायला हवं. आम्ही सगळे तिच्याबद्दल बोलत होतो.

आणि तेवढ्यात गर्दी दुभंगली. धुक्यातून सुमन येत होती. डोक्यावर पदर नाही, पाय चिखलानं भरलेले. बायका म्हणाल्या, अंगात आलं, सरका. माणसं मागं सरली. ती ओट्यावर चढली, आमच्यामधून आत गेली आणि सरूबाईसमोर मांडी घालून बसली. मला वाटलं, आता हिचा गळा धरते.

"आजी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तोंड कसं व्हतं त्याचं?"

सरूबाई भिंतीपासून पुढं सरकली.

"मला कोणी दाखवलं न्हाई. पोरगा व्हता का पोरगी, तेबी सांगितलं न्हाई. विचारू नको म्हनतात, विचारलं की ते फिरून येतं. तूच बघितलं. तूच एकटीनं बघितलं."

बाहेर गाव उभं होतं. सरूबाईनं हात पुढं करून सुमनच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"पोरगी व्हती," ती म्हणाली. "तुझ्यावानीच. हनुवटीला खळी. डोकं भरून जावळ, काळं काळं. डोळे मिटलेले, निजल्यावानी. मी तिला धुतली, नवं फडकं गुंडाळलं. उघडी न्हाई पाठवली, बाई."

सुमन रडायला लागली. तो आवाज मी कधी विसरणार नाही, कारण तो माणसाचा होता. ती पुढं वाकली आणि सरूबाईनं तिला मांडीवर घेतलं, एवढ्या मोठ्या बाईला. बाहेरच्या बायकांपैकी कोणीतरी हुंदका दिला, मग आणखी कोणी. त्या गावात असं न दाखवता नेलेलं मूल एकट्या सुमनचंच नव्हतं.

आबांनी खांद्यावरचा रुमाल तोंडावरून फिरवला आणि मागं वळून म्हणाले, "चला. घरी चला." लोक धुक्यात विरत गेले. विलास ओट्यावरून उठला नाही.

सुमन पुन्हा भुंकली नाही. बाकीच्याही हळूहळू थांबल्या. परत आल्यावर वर्गात आम्ही त्यावर पुष्कळ बोललो. भानामती कशासाठी असते, कोणाच्या फायद्याची असते, ती कशी घडते, तिन्ही बाजूंनी मांडणी झाली, आणि तिन्ही बरोबर होत्या. पण 'तोंड कसं व्हतं त्याचं' हा प्रश्न ठेवायला आमच्याकडे कुठलंच प्रकरण नव्हतं. मी फळ्यावर शीर्षक लिहायला खडू उचलला आणि तसाच खाली ठेवला.

सगळं छान झालं असं मात्र नाही. गावानं निष्कर्ष काढला की सरूबाई घाबरली आणि तिनं करणी मागं घेतली. म्हणजे नाव तसंच राहिलं, उलट आता त्याला पुरावा मिळाला. तिला बाळंतपणाला बोलावणं बंद झालं. विलासच्या बाजूला त्याची आई तेवढी वळली. विलास पुढं परभणीकडे शिक्षक झाला. शकुंतला एका संस्थेत ऊसतोड बायकांसोबत काम करायला लागली. अधूनमधून भेटायला यायची आणि पहिलाच प्रश्न असायचा, "मॅडम, ह्यात फायदा कोणाचा?"

निवृत्तीच्या थोडं आधी मी त्या गावाला परत गेले. आम्ही केलेल्या रस्त्यावर आता डांबर होतं. सरूबाई जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. तिच्या ओट्यावर सुमन बसली होती, गव्हातले खडे काढत. अंग भरलेलं, केसांत पांढरं. दोन मुलं, दोन्ही दवाखान्यात झालेली.

"शेवटी आजीला मीच धुतलं," ती म्हणाली. "बाया शिवाया तयार नव्हत्या. मी म्हनलं, तिनं माझं धुतलं व्हतं."

"आणि आता इथं बसतेस?"

"रोज दुपारची. घर पडून व्हतं. आता लोक म्हनतात, म्हातारी जाता जाता विद्या हिला देऊन गेली." तिनं सूप खाली ठेवलं.

म्हणजे शिक्का जागेवरच होता, नुसतं कपाळ बदललं होतं. मी काहीतरी बोलायला गेले. तिनं हातानं मला थांबवलं. ती हसत होती.

"म्हनू द्या, बाई. सासू भिती आता मला. दुपारची घटकाभर निजू देती. हितं उठवाया कोणाची हिंमत न्हाई."

नोकरीभर मी तिसऱ्या पंडिताचा हा सिद्धांत शिकवला, पण हे त्याचं टोक मला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. त्यावर रडावं की हसावं ते कळेना. सुमननं आतून गोधडी आणली, झटकून ओट्यावर अंथरली आणि एक उशी माझ्याकडे सरकवली.

"गाडीला टाइम हाय. तुम्हीबी पडा."

मी पदर सैल केला आणि पडले. ऊन पायांवर येत होतं. शेजारी सुमनचा श्वास लांब होत गेला. गल्लीतून जाणारी एक बाई आम्हाला बघून पलीकडच्या भिंतीनं, पाय न वाजवता निघून गेली. मी डोळे मिटले.